तिघांची आई

त्या गल्लीत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. ती मिस्त्रींच्या घरात सून म्हणून आली, वर्ष उलटायच्या आत पहिला मुलगा झाला, मग दुसरा. तिसरा झाला आणि दवाखान्यातून घरी येईपर्यंत ती सगळ्यांसाठी ‘तिघांची आई’ होऊन बसली. शेजारणी आपल्या नव्या सुनांना मुद्दाम तिच्याजवळ बसवायच्या. “बस गं, यांच्याशेजारी बस. वाण नाही तर गुण तरी लागेल.” तीही हसून सरकायची, जागा करून द्यायची. आपण काही केलेलं नाही हे तिला कळत होतं, पण फुकटचा मान कुणाला नको असतो?

घर वर आणि वर्कशॉप खाली, असा संसार. लोखंडी फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे असली कामं चालायची. सकाळी ग्राइंडर सुरू झाला की वरच्या फळीवरची भांडी बारीक थरथरायला लागायची. तिच्या सासऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, “लोखंडाला मनगट लागतं.” मनगट म्हणजे मुलाचं, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. वर्कशॉपचा मागचा भाग तिचे यजमान मिस्त्री बघायचे, पुढचा त्यांचा धाकटा भाऊ. त्या धाकट्या दिराला एकच मुलगी. दीर ऐन उमेदीत तापानं गेले, तेव्हा ती मुलगी शाळेत होती. जाऊ काही दिवस राहिली आणि मग मुलीला घेऊन आपल्या भावाकडे निघून गेली. कुणी तिला हाकललं नाही. मुलगा असता तर त्याच्या नावानं पुढची जागा राखून ठेवली असती. मुलगी होती, ती उद्या परक्या घरी जाणार, म्हणून राखून ठेवावं असं काही उरलंच नाही. पुढचं शटर ओढून घेतलं, आत जुनं लोखंड पडत गेलं. एवढंच.

गल्लीतल्या बहुतेक घरांत असंच काही ना काही होतं. कुणाला दुकान दुसऱ्याच्या हातात जाऊ द्यायचं नव्हतं, कुणाला जमीन, कुणाला म्हातारपणाची धास्ती. शेजारच्या गावात एक डॉक्टर होता. बायका सकाळी जायच्या, संध्याकाळी परत यायच्या, दोन दिवस पाठ टेकून पडायच्या आणि त्याबद्दल बोलायच्या नाहीत. क्रौर्य वगैरे शब्द कुणाच्या मनात आला नाही. प्रत्येक घरानं आपल्यापुरतं शहाणपण केलं होतं. सगळ्या घरांचं शहाणपण एकत्र झालं तेव्हा मात्र गल्लीचं हसं झालं. मुलं मोठी झाली आणि बघतात तो लग्नाला मुली नाहीत. ज्या थोड्या होत्या त्या शिकल्या, नोकऱ्यांना लागल्या आणि आपापलं बघून बाहेर पडल्या. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पायऱ्यांवर नुसते पुरुष. तिशीचे, पस्तिशीचे, केस मागे हटलेले, एकमेकांच्या मोबाइलमध्ये डोकावणारे.

तिघांच्या आईचे तिघंही त्यातलेच. थोरल्यासाठी तिनं पायातली चप्पल झिजवली. एका घरानं ‘मागं दोन दीर आहेत’ म्हणून नकार दिला, एकानं ‘लोखंडाचा धंदा, अंगाला वास येतो’ म्हणून. तिसऱ्या मुलीनं स्वतःच फोन करून सांगितलं, “काकू, तुमचा मुलगा चांगला आहे, पण चार पुरुषांचा स्वयंपाक मला जमणार नाही.” लग्नं जुळवणाऱ्या बाई महिन्यातून एकदा यायच्या, चहा प्यायच्या आणि सुस्कारा टाकायच्या. “पूर्वी मी मुलींच्या आयांना चहा पाजून समजूत घालायचे. आता मुलांच्या आया मला पाजतात. माझी साखर तेवढी वाढली, लग्न एकही जमेना.”

थोरला मुळात कमी बोलणारा. चाळिशीला टेकला तेव्हा एका रविवारी दाढी न करताच तो आईसमोर येऊन बसला. “आई, आता माझं बघणं बंद कर. लोकांना दाखवून घ्यायचा कंटाळा आला मला.” तिनं बंद केलं. धाकटा जहाजावर नोकरीला लागून परदेशी गेला होता. तो रविवारी फोनवर समुद्र दाखवायचा आणि स्वतः कमी दिसायचा. राहता राहिला मधला.

मधला मोकळ्या स्वभावाचा आणि तितकाच निष्काळजी. एकदा तोंडापुढे काच न धरता त्यानं घाईत वेल्डिंगचे दोन टाके मारले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं. डोळे उघडेनात. थोरल्यानं त्याला हाताला धरून बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात नेलं. डोळे तपासायला तिथं एक मुलगी होती. मुलगी म्हणायची म्हणून, बत्तीस-तेहतिशीची असेल. तिनं पापणी वर करून पाहिलं आणि विचारलं, “तोंडापुढे धरायची ती काच तुम्ही काय भिंतीला टांगायला घेतलीय?”

आठवड्यानं मधला पुन्हा गेला, डोळे बरे झाले हे दाखवायला. मग ड्रॉप्स संपले म्हणून गेला. मग चष्माच करून घेतला. नंबर शून्य. शून्य नंबराचा चष्मा लावून फाटकं जोडणारा तो गल्लीतला पहिलाच. थोरला घासकाम करता करता मिस्त्रींना म्हणाला, “याचे डोळे बिघडलेत खरे, पण चष्म्यानं सुधारायचे नाहीत.”

पुढे काही महिन्यांनी, जेवताना, मधल्यानं सांगून टाकलं. आम्ही दोघांनी ठरवलंय. आईच्या हातातला घास हातात राहिला.  मग तिला एकदम सगळंच सुचलं. मागची खोली रिकामी करायची, भिंतींना रंग द्यायचा, कपाट नवं करायचं, खिडकीची जाळी तरी घरचीच आहे. मिस्त्रीसुद्धा हसले, जे ते सहसा करत नसत.

“आई, खोलीचं राहू दे,” मधला म्हणाला. “मी तिकडे राहायला जाणार आहे.”

“तिकडे म्हणजे?”

“तिच्या घरी. तिची आई नाही. वडिलांचा एक पाय आणि हात नीट चालत नाही. ती एकटी मुलगी आहे. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी घर सोडणार नाही, यायचं असेल तर तू ये.”

मिस्त्रींनी ताट किंचित पुढे सरकवलं. “घरजावई,” ते म्हणाले. शब्द तोंडात कडू लागल्यासारखं त्यांचं तोंड झालं. “ज्याला एकही मुलगा नाही त्यानं घरजावई आणावा, हे ऐकलं होतं. ज्याला तीन आहेत त्याचा मुलगा घरजावई होतो, हे पहिल्यांदाच ऐकतोय.”

“बाबा, मी कामाला रोज इथंच येणार. सायकलनं पोचायला वेळ लागत नाही.”

“काम नोकरसुद्धा करतो,” मिस्त्री म्हणाले आणि हात धुवायला उठले. थोरला मान खाली घालून जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी तिघांची आई कुणाला न सांगता चष्म्याच्या दुकानात गेली. ओळख द्यावी लागली नाही. मुलीनं तिला पाहिलं, खुर्ची पुढे केली आणि म्हणाली, “काकू, तुमच्या चष्म्याची काडी ढिली झालीय. बोलता बोलता घट्ट करून देते, चालेल?”

आईनं चष्मा काढून दिला. त्यामुळे समोरची मुलगी तिला धूसर दिसायला लागली, आणि बोलायला तेच सोपं गेलं.

“मी भांडायला आले नाही. तू मला पसंत आहेस. पण लग्न झालं की मुलगी सासरी जाते, ही जगाची रीत आहे.”

“हो, आहे.”

“तुझ्या वडिलांना आमच्याकडे घेऊन ये. घर मोठं आहे. मी काही कमी पडू देणार नाही.”

मुलगी बारीक पेचकस फिरवत होती. “विचारलं मी त्यांना. ते म्हणतात, मुलीच्या सासरी जाऊन राहायची मला लाज वाटेल. तुमच्या मुलाला विचारलं, तर तो म्हणतो, बायकोच्या माहेरी राहायची मला मुळीच लाज वाटत नाही. आता ज्याला लाज वाटते त्याला हलवायचं की ज्याला वाटत नाही त्याला? तुम्हीच सांगा.”

आईला हसू आलं असतं, पण तिनं येऊ दिलं नाही. “अगं, तुला आज कळायचं नाही. मुलगा म्हणजे म्हातारपणाची काठी असते. त्यासाठी तर माणसं एवढा जीव टाकतात.”

“तुमच्याकडे तीन काठ्या आहेत, काकू. बाबांकडे मी एकटीच.” तिनं चष्मा फडक्यानं पुसून परत दिला. आवाज चढला नव्हता. “तुमच्या मुलाला तुमच्यापासून तोडून मला काय मिळणार? मी फक्त बाबांना सोडून येऊ शकत नाही. तुमच्या पोटी मुलगी असती आणि ती असं म्हणाली असती, तर तुम्ही तिला काय म्हणाला असता?”

या प्रश्नाचा आईला राग आला. “बघते,” म्हणून ती उठली. घरी आल्यावर मधल्याशी बोलणंच तिनं बंद केलं. त्याच्या ताटात वाढायची, पण तोंडानं ‘आणखी घे’ म्हणायची नाही. तोही हट्टी, मागायचा नाही. दोन-तीन दिवस तो अर्धपोटीच उठला, आणि ते बघून तिलाही जेवण जाईना.

तेव्हा तिला जावेची आठवण झाली. खरं सांगायचं तर आठवणीमागचा हेतू काही फार चांगला नव्हता. जावेची मुलगी मोठी झाली, पाणीपुरवठ्याच्या पंपावर नोकरीला लागली, लग्न केलं आणि आईलाच आपल्या घरी घेऊन गेली, एवढं कानावर आलं होतं. जावयाच्या घरात सासूचे काय हाल होतात ते एकदा डोळ्यांनी बघून यावं, म्हणजे त्या चष्मेवालीला दोन शब्द सांगता येतील, असा तिचा विचार. इतक्या वर्षांत ती तिकडे एकदाही गेली नव्हती.

दार जावयानं उघडलं. त्याच्या खांद्यावर ओले कपडे होते. तो वाळत घालत होता. “या ना,” म्हणाला आणि आत हाक मारली, “आई, तुमच्याकडे पाहुण्या आल्यात.” जाऊ खिडकीशी शिलाई मशीनवर बसली होती. केस पांढरे झाले होते, पण अंगानं भरली होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं, मशीनचं चाक हातानं थांबवलं.

“ताई? कोण आजारी आहे का?”

“कुणी नाही. सहज आले.”

“सहज?” जाऊ म्हणाली, आणि उठून तिनं खुर्ची मोकळी करून दिली.

जावई चहा ठेवून कामाला निघून गेला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. थोड्या वेळानं तिघांच्या आईनं मधल्याचं सगळं सांगितलं, मुलीची अट, मिस्त्रींचा राग, स्वतःचं दुकानात जाणं. हाल बघायला आले होते, हे तेवढं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. समोर खुंटीवर जावेचे कपडे होते, फळीवर तिची औषधं, मशीनशेजारी तिच्या गिऱ्हाइकांच्या कापडांचा ढीग. या घरात ती पाहुणी नव्हती.

“इथं तुला कुणी बोलत नाही?” आईनं शेवटी विचारलं.

“बोलतात की. मुलगी बोलते, मशीनचा आवाज करू नकोस, माझी रात्रपाळी झालीय. मीही बोलते. घर म्हटल्यावर बोलणारच.” जावेनं चष्मा कपाळावर सरकवला. “तुम्हाला काय वाटलं, जावयाच्या दारात मी भाकरीची वाट बघत बसलेय?”

तिघांच्या आईनं चहाचा कप खाली ठेवला. मग जाऊ म्हणाली, “ताई, तुम्ही आलाच आहात तर एक विचारते. त्या डॉक्टरकडे दोन्ही वेळा तुम्ही माझ्याबरोबर होता.”

“सासूबाईंनी पाठवलं होतं.”

“ते माहीत आहे. तीन मुलांच्या आईचा पायगुण म्हणून. बाकावर बसलो होतो आपण. तुम्ही माझा हात धरला होता. घट्ट. मला धीर यावा म्हणून धरला होता, की मी उठून पळू नये म्हणून? मी खूप वेळा विचार केला, मला अजून कळलं नाही.”

खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. त्याचा धप धप आवाज येत होता. तिघांच्या आईनं तिकडे पाहिलं. “मलाही नाही कळलं,” ती म्हणाली. “दोन्ही असेल. मी घाबरले होते. तू पळालीस तर घरी सासूबाई मला विचारतील, ही भीती होती. आणि तुझं तोंड बघवत नव्हतं, तेही होतं.”

“हं.” जावेनं मान हलवली. “मी तुमच्यावर रागावले नव्हते, असं नाही. पुष्कळ वर्षं रागावले. मग सासूबाईंवर रागवायचं ठरवलं, तर आठवलं की त्यांना माहेरी लहानपणापासून ‘पुरे’ म्हणूनच हाक मारायचे. चौथी मुलगी ना त्या. त्यांना कुणी तसं म्हटलं, त्यांनी आपल्याला तसं शिकवलं. कुठवर मागं जायचं? डॉक्टर पैसे घेऊन मोकळा. माझा नवरा म्हणायचा, मला मुलगी आवडते, पण दादाच्या तीन मुलांपुढे माझं दुकान टिकायचं नाही. त्याचंही काही चुकलं नाही. तो गेला आणि दुकान खरंच टिकलं नाही.”

“मला त्या वेळी वाटलं, रीतच आहे,” आई म्हणाली.

“रीतच होती. म्हणून तर इतकी वर्षं कुणाला काही वाटलं नाही.” जावेनं मशीनखालचं कापड सरळ केलं. “आणि काठीचं म्हणाल, ताई, तर एक सांगा. आपल्या सासूबाई शेवटी अंथरुणावर होत्या, तेव्हा त्यांचं कुणी केलं? मुलांनी?”

“आपण दोघींनी.”

“मग काठी कोण होतं? मुलगा म्हणायची काठी, आणि टेकायचं मात्र सुनेवर. आता सून मिळेना, तेव्हा लोकांना कळायला लागलंय.”

तिघांची आई संध्याकाळी परत निघाली तेव्हा जाऊ तिला बस थांब्यापर्यंत सोडायला आली. बस येईपर्यंत दोघी गुडघेदुखीबद्दल बोलत उभ्या होत्या. “पुन्हा या” असं जाऊ म्हणाली नाही, पण बस हलेपर्यंत ती थांबली.

घरी पोचल्यावर आईनं मधल्याला वाढलं आणि म्हणाली, “आणखी घे.” त्यानं वर पाहिलं. “तिच्या वडिलांना भेटायला कधी जायचं ते विचार,” ती म्हणाली. एवढ्यानं त्याला सगळं कळलं. त्यानं तीन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मिस्त्रींशी मात्र तिनं वेगळ्यानं बोलायचं ठरवलं. दुपारी काम थांबल्यावर ती खाली वर्कशॉपमध्ये गेली. ते स्टुलावर बसून हात पुसत होते.

“अहो, मधल्याला जाऊ द्या. आणि दुसरं एक आहे. पुढची अर्धी जागा भाऊजींची होती. ती त्यांच्या मुलीची आहे.”

“आता हे कशाला उकरून काढतेस? एवढी वर्षं त्यांनी काही मागितलं का?”

“मागितलं नाही. भाऊजींना मुलगा असता तर तुम्ही त्याला दिली असती?”

“म्हणजे काय? त्याचीच असती.”

“मग मुलगी आहे म्हणून दिली नाही. बाकी काही कारण नाही ना?”

मिस्त्रींनी फडकं घडी करून स्टुलाखाली ठेवलं. “माझ्या भावाचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं का?”

“नाही. पण मी त्यांच्या बायकोबरोबर त्या डॉक्टरकडच्या बाकावर बसले होते. दोनदा.”

याबद्दल त्या दोघांमध्ये आजवर एकही शब्द झाला नव्हता. मिस्त्री उठले आणि ग्राइंडर सुरू केला. नुसताच, हातात घासायला काही नसताना. ती थोडा वेळ उभी राहिली आणि वर निघून गेली.

पुढचे कित्येक दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. पण एका सकाळी ते मधल्याला म्हणाले, “चल, तुझ्या सासऱ्याचं घर दाखव.” आई घरीच राहिली. तिकडे काय झालं ते तिला मधल्याकडून कळलं. मिस्त्री आत न जाता आधी बाहेरच्या फाटकापाशीच थांबले, कारण ते एका बिजागरीवर लटकत होतं. “हे असं किती दिवस आहे?” त्यांनी मधल्याला विचारलं. “तू इथं रोज येतोस आणि हे तुला दिसत नाही? शून्य नंबराचा चष्मा लावून आणखी काय दिसणार.” मग ते आत गेले. मुलीचे वडील खुर्चीत बसले होते, एक हात मांडीवर ठेवून. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, मिस्त्रींनी खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं.

दोघं म्हातारे बराच वेळ काही ना काही बोलत बसले. मुलीचे वडील आयुष्यभर नकाशे काढायचं काम केलेले. ते म्हणाले, “आमची झाली तेव्हा लोक भेटायला यायचे आणि हळू आवाजात बोलायचे. मला वाटायचं, घरात कुणी आजारी आहे की काय. एक जण तर जाताना म्हणाला, धीर धरा.”

मिस्त्रींनी दाराबाहेर फाटकाकडे पाहिलं. असा ‘एक जण’ आपणही कुठल्या तरी घरात होतो, हे त्यांना आठवलं असावं. निघताना ते इतकंच म्हणाले, “फाटक मी नवीन करून आणतो. याच्या हातचं नको, हा घाई करतो.”

लग्न साधेपणानं, सह्या करून झालं. मधला दोन बॅगा घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला कामावर हजर झाला. गल्लीत चार दिवस कुजबुज झाली. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या पायऱ्यांवरचा एक जण मधल्याला बाजूला घेऊन विचारायला लागला, तिला बहीण नाही ठीक आहे, पण दुकानात आणखी कुणी मुली आहेत का? आणि आपणही तिकडे राहायला तयार आहोत, हेही त्यानं सांगून ठेवलं.

घरी आता तिघंच उरले. आणि थंडी संपता संपता तिघांची आई जिन्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा चष्मेवाली सून दोन दिवस येऊन राहिली, पण तिला दुकान होतं, वडील होते. जाताना तिनं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या थोरल्याला बोलावलं. “दादा, हे डबे बघून ठेवा. आता तुम्हीच.”

थोरल्यानं आयुष्यात कधी शेगडी पेटवली नव्हती. पहिल्या दिवशी भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. मिस्त्रींनी तो मुकाट्यानं खाल्ला. दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं. तिसऱ्या दिवशी आईला राहवेना, ती पलंगावरून सूचना द्यायला लागली आणि तो प्रत्येक गोष्ट लोखंडाच्या भाषेत समजून घ्यायला लागला. “किती तापवायचं? लाल होईपर्यंत?” “अरे, तेल आहे ते, सळई नाही.” आठवड्याभरात त्याच्या पोळ्या चौकोनी का होईना, पण भाजलेल्या यायला लागल्या. एकदा तो पोळी उलटत असताना सहज बोलला, “हे तू एवढी वर्षं उभ्यानं कसं केलंस?” तिला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. ती म्हणाली, “कडा करपतायत, बघ.”

जाऊ आली ती अशाच एका सुट्टीच्या सकाळी, मुलीला घेऊन. मनगट मोडल्याचं तिला मधल्याकडून कळलं होतं. तो परस्पर तिच्याकडे जाऊन आला होता. जिना चढताना ती कठड्याला धरून मध्ये एकदा थांबली. मिस्त्री वर येऊन तिच्यासमोर उभे राहिले. हातात काही नव्हतं, म्हणून हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं.

“बस,” ते म्हणाले. मग मुलीकडे वळले. “तू जरा खाली येतेस? तुला दाखवायचं आहे.”

खाली त्यांनी पुढचं शटर वर करायला घेतलं. ते सहजासहजी जाईना, तेव्हा दोघांनी मिळून वर ढकललं. आत गंजकं लोखंड, तुटक्या जाळ्या, धूळ. मिस्त्री म्हणाले, “हे साफ करून देतो. कागद वकिलाकडे दिलेत, तुझ्या नावानं होईल. आधी व्हायला हवं होतं.”

मुलगी आत फिरली. भिंतींकडे पाहिलं, वरच्या झरोक्याकडे पाहिलं. ती सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पंपाच्या मोटारी रोज हाताळणारी. जागा किती, वीज कुठून येते, पाणी साचतं का, असं तिनं नीट विचारलं. मग म्हणाली, “काका, मला ही हवी आहे. काय करीन ते अजून ठरलेलं नाही. कदाचित मोटारी दुरुस्तीचं. पण भाड्यानं तुम्हाला देणार नाही, आणि विकणारही नाही.”

“ठरव,” मिस्त्री म्हणाले. “मला विचारू नकोस.”

वर थोरला दोघींसाठी चहा करत होता. जाऊ पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं प्लास्टरवरून बोटं फिरवली. “दुखतं?”

“रात्री थोडं.”

“काकू,” थोरल्यानं आतून विचारलं, “तुम्ही जेवूनच जाणार ना? पोळ्या चौकोनी चालतील का?”

“चालतील,” जाऊ म्हणाली. मग तिघांच्या आईकडे झुकून हळूच म्हणाली, “ताई, याला आता मुलगी मिळेल हो.”

तिघांची आई हसली. मग आत काहीतरी उतू गेल्याचा वास आला. सवयीनं ती उठायला लागली, तर जावेनं तिला दंडाला धरून बसवलं. “बसा. बघेल तो.”

आत थोरला दूध पुसत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पण ती उठली नाही.